त्र्याऐंशीव्या पानावरची तळटीप

१९७४ सालचा जानेवारी ब्रिटनने अंधारात काढला. आदल्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं होतं, कोळसा खाणीतल्या कामगारांनी जादा पाळ्या नाकारल्या होत्या, आणि पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी नव्या वर्षापासून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल असं जाहीर करून टाकलं होतं. टीव्ही रात्री साडेदहाला बंद. मोटारींना ताशी पन्नास मैलांची मर्यादा. ग्रामोफोनची तबकडी ज्या प्लॅस्टिकची होते तेही शेवटी तेलातूनच निघतं, तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांनाही कच्च्या मालाची टंचाई जाणवू लागलेली. अशा या काटकसरीच्या पंधरवड्यात ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत सगळ्यात वर काय होतं? दोन तबकड्यांचा, एकूण ८१ मिनिटांचा, फक्त चार गाण्यांचा आणि श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं यांवर बेतलेला एक अल्बम. नाव ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’, बँडचं नाव ‘येस’.

रॉक संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या अल्बमला गेली पन्नास वर्षं बोल लावले आहेत. डोक्यात हवा गेलेल्या एका पिढीने स्वतःचं हसं कसं करून घेतलं, याचा दाखला द्यायचा झाला की हाच अल्बम पुढे केला जातो. तो थोडा फसला, हे मलाही मान्य आहे. पण त्याचा दोष अध्यात्माच्या माथी मारणं मला पटत नाही. तो फसला तो हिशेबात. एका तळटीपेत चार गोष्टी होत्या, दोन तबकड्यांना चार बाजू असतात, आणि हे दोन आकडे जुळलेले पाहून माणसं भुलली.

मुळात ‘येस’ ही मंडळी कोण, हे थोडक्यात सांगायला हवं. १९६८ साली लंडनमध्ये हा बँड जमला. गायक जॉन अँडरसन हा लँकेशरमधल्या ॲक्रिंग्टन या गिरणगावातला. शाळा लवकर सुटली, मग शेतावर राबला, लॉरी चालवली, घरोघर दूध टाकलं. आवाज मात्र बायकी वाटावा इतका उंच आणि निर्मळ. बास गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर लहानपणी चर्चच्या वृंदात गाणारा. गिटारवर स्टीव्ह हाव. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणून ज्याला ओळखतात त्या प्रकारातली बहुतेक मंडळी अशीच होती. अमेरिकन ब्लूजपेक्षा चर्चचं गाणं आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत यांच्या जवळची, तीन मिनिटांच्या गाण्यात जीव गुदमरणारी. १९६९ ते १९७५ ही त्यांच्या चलतीची वर्षं. येसने १९७२ मध्ये ‘क्लोज टू द एज’ काढला, त्यात एका आख्ख्या बाजूवर एकच गाणं होतं, अठरा मिनिटांच्या वरचं. त्याची प्रेरणा हेर्मान हेसेची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी. म्हणजे भारत त्यांच्याकडे पोचला होता, पण एका जर्मन लेखकाच्या खांद्यावर बसून. तो अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. १९७३ मध्ये तीन तबकड्यांचा मैफलींचा संचही खपला. इतकं यश पदरात असलेल्या माणसांना ‘हे जरा जास्त होतंय’ असं सांगायला रेकॉर्ड कंपनीत कोणी उरत नाही.

‘क्लोज टू द एज’चं ध्वनिमुद्रण आटोपताच ड्रमवाला बिल ब्रूफर्ड ‘किंग क्रिम्सन’ या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला. त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला, जॉन लेननबरोबर वाजवलेला. ब्रूफर्डशी संबंध मात्र गोडीचेच राहिले. २ मार्च १९७३ रोजी त्याचं लग्न झालं, त्याला अँडरसन गेला, आणि तिथे त्याची गाठ जेमी म्युअरशी पडली. म्युअर हा किंग क्रिम्सनमध्ये तालवाद्यं वाजवणारा एक अवलिया. नुकताच त्याने तो बँड सोडला होता आणि लवकरच स्कॉटलंडमधल्या साम्ये लिंग या तिबेटी बौद्ध मठात तो राहायला जाणार होता. लग्नाच्या त्या गर्दीत म्युअरने अँडरसनला एक पुस्तक वाचायला सुचवलं. परमहंस योगानंदांचं ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’.

मराठीत ‘योगी कथामृत’ म्हणून हे पुस्तक आपल्याकडे घरोघर आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत बसत नाही. योगानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे मुकुंदलाल घोष, १८९३ साली गोरखपूरला जन्मलेले. १९२० मध्ये ते अमेरिकेला गेले आणि कॅलिफोर्नियात स्थिरावले. पुस्तक १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये छापलं गेलं. ते लिहिलंच आहे पाश्चात्त्य वाचकासाठी, म्हणून त्यात पावलोपावली तळटीपा. कोणताही संस्कृत शब्द आला की खाली बारीक टायपात त्याचा खुलासा. आपल्या भागाचे संदर्भही त्यात आहेत. १९३५ च्या ऑगस्टमध्ये योगानंद वर्ध्याला गांधीजींकडे राहिले, त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आणि गुरू श्रीयुक्तेश्वर देहत्यागानंतर पुन्हा समोर प्रकटले, तो प्रसंग घडला म्हणून सांगितला आहे तो मुंबईच्या रीजंट हॉटेलात, १९ जून १९३६ च्या दुपारी तीन वाजता. हॉटेल, तारीख, वेळ सगळं दिलेलं. चमत्कार सांगतानाही रोजनिशी लिहावी तसा नेमकेपणा, हा या पुस्तकाचा खास गुण. १९६७ मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’च्या मुखपृष्ठावर योगानंद आणि त्यांच्या गुरुपरंपरेतली मंडळी झळकली, तेव्हापासून रॉकवाल्यांत या पुस्तकाला मागणी होतीच.

लग्नानंतर आठवड्याभरात येस जपानच्या दौऱ्यावर गेले. टोकियोच्या हॉटेलातल्या खोलीत पुस्तक चाळताना अँडरसन ८३ व्या पानावर थबकला. त्या पानावरच्या तळटीपेत ‘शास्त्र’ म्हणजे काय ते सांगितलेलं आहे. पवित्र ग्रंथांचे चार वर्ग: श्रुती म्हणजे प्रत्यक्ष प्रकट झालेले वेद. स्मृती म्हणजे आठवणीत जपलेली परंपरा, जी पुढे रामायण-महाभारत म्हणून लिहिली गेली. पुराणं म्हणजे प्राचीन रूपककथा, संख्येने अठरा. तंत्रं म्हणजे विधी. धर्म, कायदा, वैद्यक, वास्तू, कला, जीवनाची सगळी अंगं यांत येतात, असंही तिथे म्हटलं आहे. सगळी मिळून जेमतेम परिच्छेदभर मजकूर.

अल्बममधल्या चार गाण्यांची नावं आता या तळटीपेशेजारी ठेवून पाहा. पहिलं ‘द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड’, दुसरं ‘द रिमेंबरिंग’, तिसरं ‘द एन्शंट’, चौथं ‘रिच्युअल’. प्रकट झालेलं, आठवलेलं, प्राचीन, विधी. तळटीपेतले विशेषणवाचक शब्द उचलून त्यांची शीर्षकं केली, बस्स. वेदांचा अभ्यास वगैरे काही झाला नाही, तसा दावाही अँडरसनने केला नाही. अल्बमच्या आतल्या घडीवर त्याने स्वतःच टोकियोची खोली, ८३ वं पान आणि म्युअरचे आभार हे सगळं लिहून ठेवलं आहे. उसनवारी अशी कबूल करणारे फार नसतात.

आपल्या कानांना मात्र हे चार शब्द इतके निरागस लागत नाहीत. सत्यनारायणाच्या पाटावर बसलेल्या प्रत्येकाने संकल्पात ‘श्रुतिस्मृतिपुराणोक्त’ हा जोडशब्द ऐकलेला असतो, गुरुजी तो एका दमात म्हणून पुढे जातात. आणि याच शब्दांवरून महाराष्ट्रात केवढं रामायण घडलं! मंत्र वेदोक्त म्हणायचे की पुराणोक्त, या वादात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द कोल्हापूरच्या छत्रपतींचा अपमान झाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी जाळली गेली ती स्मृतीच होती. कुणी कोणतं ऐकायचं, कुणी काय म्हणायचं, यावर इथे पिढ्यानपिढ्या भांडणं झाली. ॲक्रिंग्टनच्या दूधवाल्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्याच्या दृष्टीने त्या चार शब्दांत नुसता प्रकाश होता. हे अज्ञान खरंच, पण त्याशिवाय हा अल्बम झालाही नसता.

जपान, ऑस्ट्रेलिया करून बँड अमेरिकेत आला. मैफल संपली की अँडरसन आणि हाव हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या लावून बसत. एक जण गिटारवर तुकडे काढी, दुसरा त्यावर शब्द बसवी. जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना या गावी एक बैठक सहा तास चालली आणि सकाळी सातला संपली, तेव्हा चारही भागांचा ढोबळ आराखडा हाती होता. अँडरसनची शब्दांची रीत वेगळी होती. अर्थापेक्षा तो नादाकडे पाही. त्यामुळे या गाण्यांत शास्त्रार्थ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. रागाची चौकट नाही, तबल्याचा ठेका नाही. तिसऱ्या भागात निरनिराळ्या भाषांमधली सूर्याची नावं एकामागून एक गायली जातात, त्यांत आपल्याकडचीही आहेत. भारताशी थेट संबंध असा एवढाच. रॉजर डीनने काढलेल्या त्या प्रसिद्ध मुखपृष्ठावर कोरड्या खडकांवरून पोहत जाणारे मासे आहेत, मेक्सिकोतलं मायांचं मंदिर आहे, पेरूतल्या नास्काच्या रेषा आहेत, इंग्लंडमधले दगड आहेत. शास्त्रांवरच्या अल्बमवर भारतातलं एकही ओळखीचं ठिकाण नाही.

आता हिशेबाकडे वळू. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत नीट बसतं. त्यापलीकडे खोबणी एकमेकींना खेटून आणि उथळ कापाव्या लागतात, मग आवाज दबतो आणि खर्ज पातळ होतो. म्हणजे दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येकी वीस मिनिटं. शास्त्रं चार. इतका सुबक मेळ जमल्यावर कुणाला मोह होणार नाही? आपल्याकडे हे नेमकं उलट्या दिशेने झालं होतं. अब्दुल करीम खाँसाहेब मैफलीत ज्या रागाला हवा तेवढा वेळ देत, तोच राग ७८ च्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावा लागे. त्या सक्तीतून काय निपजलं ते त्यांच्या तबकड्या ऐकणाऱ्यांना माहीत आहे: एकही सूर फुकट जात नाही. आवळायला लागलं की कलावंत निवड करतो. भरायला लागलं की निवड करायची गरजच संपते. येसपुढे भरायचं काम होतं. काही भागांसाठी त्यांच्याकडे वीस मिनिटांहून जास्त मजकूर होता, काहींसाठी दहा मिनिटांचाही नव्हता, पण आकार आधीच ठरून गेलेला.

ही गोष्ट बँडमधल्या एकाच माणसाने तेव्हाच ओळखली. तो म्हणजे कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधलं शिक्षण अर्धवट टाकलेला, इतरांच्या गाण्यांत भाड्याने वाजवून नाव कमावलेला. डेव्हिड बोवीच्या ‘लाइफ ऑन मार्स’मधला पियानो त्याचाच. बँडमध्ये त्या काळात शाकाहाराचं आणि आरोग्यदायी खाण्याचं वारं होतं, वेकमन मात्र बिअर आणि मांसाहार यांच्याशी एकनिष्ठ. त्याचं म्हणणं तो पुढे कित्येकदा सांगत आला: एका तबकडीला जास्त होईल आणि दोन तबकड्यांना कमी पडेल असा आमच्याकडे माल होता, सीडी त्या वेळी असती तर पन्नासेक मिनिटांत काम झालं असतं, पण बाजू भरायच्या म्हणून आम्ही पाणी घालत गेलो. वेकमन किस्से रंगवून सांगणारा माणूस आहे, त्याच्या प्रत्येक गोष्टीतून चार आणे वजा करावेत. पण हे म्हणणं अल्बम ऐकणाऱ्याला घड्याळ हातात घेऊन तपासता येतं.

१९७३ च्या उन्हाळ्याअखेर ध्वनिमुद्रण सुरू झालं. अँडरसनची इच्छा होती ती रात्री जंगलात तंबू ठोकून गाण्याची, जनरेटर जमिनीत पुरायचे म्हणजे घरघर ऐकू येणार नाही. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. मग गावाकडचा एखादा वाडा घ्यावा की लंडनमध्येच राहावं यावर खल झाला आणि लंडनवाल्यांची सरशी झाली. विल्सडन भागातला मॉर्गन स्टुडिओ ठरला. तिथे चोवीस ट्रॅकचं यंत्र होतं, तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ही नवलाई. जंगल हुकल्याचं अँडरसनला वाईट वाटू नये म्हणून मॅनेजर ब्रायन लेनने स्टुडिओचंच शेत करून टाकलं. पांढरं लाकडी कुंपण, गवताच्या पेंढ्या, कुंड्या, आणि खोट्या गाई, ज्यांची आचळं विजेवर हलत. न्हाणीघरात आवाज छान लागतो असं अँडरसनच्या मनात आलं, तर फरशा लावलेली एक खोकीवजा खोलीही उभारण्यात आली. फरशा चिकटवल्या म्हणून तिथे न्हाणीघराचा घुमारा येणार नव्हता, हे ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डला ठाऊक होतं. त्याने समजावून पाहिलं, मग नाद सोडला.

ऑफर्डच्याच आठवणीनुसार अल्बम निम्म्यावर येईतो गाईंवर कुणीकुणी काहीबाही खरडून ठेवलं होतं आणि कुंड्यांतली झाडं सुकून गेली होती. त्याच इमारतीत त्या दिवसांत ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँडही आपला अल्बम करत होता. येसच्या दालनात पखवाजाच्या बोलांइतकी बारीक चर्चा चाललेली, कुठला तुकडा कुठे जोडायचा, टेप कुठे कापायची. वेकमनला त्यात काम नसे. मग तो शेजारी जाऊन सॅबथवाल्यांबरोबर बसे. त्यांच्या ‘सॅब्रा कडॅब्रा’ या गाण्यात त्याने मिनीमूग हा सिंथेसायझर वाजवला आणि पैसे न घेता मोबदल्यात बिअर घेतली. रॉकच्या इतिहासातल्या सगळ्यात दैवी म्हणवणाऱ्या आणि सगळ्यात सैतानी म्हणवणाऱ्या अल्बमांवर एकाच महिन्यात, एकाच छपराखाली वाजवलेला हा एकटाच माणूस असावा.

तयार टेपांचीही एक कथा सांगतात. ऑफर्डने किल्ल्या शोधताना टेपांची चक्रं गाडीच्या टपावर ठेवली, विसरला, आणि गाडी सुरू केली. चक्रं घरंगळून रस्त्यावर. समोरून दुमजली बस येतेय. अँडरसन धावत जाऊन बसच्या आडवा झाला आणि चारही शास्त्रं वाचली.

नोव्हेंबरात दौरा सुरू झाला, अल्बम अजून दुकानांत आलेला नव्हता. लंडनच्या रेनबो थिएटरात सलग काही रात्री त्यांनी सगळाच्या सगळा नवा अल्बम वाजवला, शिवाय ‘क्लोज टू द एज’. तिकीट काढून आलेल्या माणसाने कधीही न ऐकलेलं ८१ मिनिटांचं संगीत एका बैठकीत ऐकायचं. आपल्याकडचा सवाई गंधर्वचा श्रोता म्हणेल, त्यात काय मोठंसं? पण तो राग ओळखतो, समेवर कधी यायचं हे त्याला आधीच कळतं. इथे सम कुठे आहे हेच लोकांना ठाऊक नव्हतं.

आणि मग मँचेस्टर. फ्री ट्रेड हॉलमधला हा प्रसंग वेकमनने आयुष्यभर सांगितला आहे. कीबोर्डांच्या खाली त्याचा मदतनीस झोपलेला असे, काही बिघडलं तर दुरुस्त करायला. वेकमनला बराच वेळ वाजवायला काही नव्हतं. मदतनिसाने खालून विचारलं, कार्यक्रमानंतर जेवायला काय? वेकमनने यादी दिली: चिकन विंदालू, पुलाव, सहा पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू आणि भरलेला पराठा. त्याला वाटलं कार्यक्रम संपल्यावर येईल. अर्ध्या तासात खालून वास यायला लागला. मदतनिसाने पिशव्या तिथेच मागवल्या होत्या. वेकमनने एकेक डबा कीबोर्डांवर मांडला आणि भर रंगमंचावर जेवायला बसला. अँडरसन गाता गाता मागे आला, पाहिलं, एक पापड मोडून घेतला आणि पुन्हा माइककडे गेला.

हा प्रसंग सगळे विनोद म्हणून सांगतात, आणि आहेच तो विनोद. मला त्यातली यादी जास्त मोलाची वाटते. विंदालू गोव्याचा, पोर्तुगीजांकडून आलेला, मूळचा डुकराच्या मांसाचा आणि शिर्क्याचा. इंग्लंडात पोचेतो त्याचा नुसता जाळ झाला. बॉम्बे आलू नावाचा पदार्थ मुंबईत कुणी मागवत नाही, तो ब्रिटनमधल्या करी हाउसांनी रूढ केला, आणि ती हाउसं चालवणारे बहुतेक सिल्हेटचे. तेव्हा त्या रात्री रंगमंचावर दोन भारत हजर होते. एक कॅलिफोर्नियातून तळटीपेच्या वाटेने आलेला, दुसरा सिल्हेटहून डब्यात भरून आलेला. दोन्ही अस्सल नव्हते आणि दोन्ही खोटेही नव्हते. इंग्लंडच्या त्या पिढीला भारत मिळाला तो असाच, आणि पापडापुरतं का होईना, गायकाने दोन्हींचा मान राखला.

डिसेंबरात अल्बम बाहेर पडला. केवळ आगाऊ मागणीवर सोनेरी तबकडीचा मान मिळवणारा ब्रिटनमधला तो पहिला अल्बम ठरला. दोन आठवडे पहिला क्रमांक, अमेरिकेत सहावा. समीक्षकांनी मात्र झोडपून काढलं. ‘मेलडी मेकर’चा ख्रिस वेल्च हा बँडचा जुना चाहता, तोही निराश झाला. ‘रोलिंग स्टोन’मध्ये गॉर्डन फ्लेचरने नापसंती दाखवली. अमेरिकेच्या दौऱ्यात न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरलं खरं, पण कार्यक्रमात पुढे काटछाट करावी लागली, आणि दुसरी बाजू, स्मृतींची, वाजवणं बंद झालं.

वेकमनने दौरा संपताच बँड सोडला. मधल्या काळात त्याने ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राला घेऊन मैफलीतच ध्वनिमुद्रित केला होता. १८ मे १९७४ हा त्याचा पंचविसावा वाढदिवस. त्या दिवशी एका फोनवर बँड सोडल्याचं नक्की झालं आणि दुसऱ्या फोनवर ‘जर्नी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेल्याची खबर आली, असं तो सांगतो. चार आणे इथेही वजा करायला हरकत नाही. तळटीपेवरच्या अल्बमला नावं ठेवून बाहेर पडलेल्या माणसाने ज्यूल व्हर्नची आख्खी कादंबरी निवेदक आणि वाद्यवृंद घेऊन गायला घालावी, यातली गंमत त्याच्याही लक्षात आली असेल.

अल्बम आज ऐकताना काय वाटतं, ते सांगायलाच हवं. पहिली बाजू उत्तम आहे. अँडरसनचा आवाज एकाच सुरावर शब्दांची माळ ओढत येतो, मग एकेक वाद्य त्यात मिसळतं, आणि वीस मिनिटं कशी गेली ते कळत नाही. याच गाण्याची सुरुवातीची दोनेक मिनिटं १९७३ मध्ये गाळली होती, ती २००३ च्या आवृत्तीत परत जोडली गेली. म्हणजे इथे भरण्याचा प्रश्न नव्हता, उलट जागा अपुरी होती. दुसऱ्या बाजूवर वेकमनच्या मेलोट्रॉन या कीबोर्डाचे ढग सुंदर आहेत, पण ढग बराच वेळ नुसतेच तरंगतात. तिसरी बाजू सगळ्यात अवघड. तालवाद्यांचा गोंगाट, हावची स्टील गिटार ओरखडे काढत जाते, कान किटतात. आणि मग शेवटच्या काही मिनिटांत सगळं थांबून एकटी बिनविजेची गिटार उरते, त्यावर साधं, लोकगीतासारखं गाणं येतं. त्या भागाला ‘लीव्हज ऑफ ग्रीन’ म्हणतात. संपूर्ण अल्बममधलं सर्वांत नितळ संगीत ते हेच, आणि तिथे पोचण्याआधी बारा-तेरा मिनिटांची खडी चढण ठेवलेली आहे. चौथी बाजू पुन्हा दमदार. स्क्वायरचा बास तिथे गायला लागतो, मधे व्हाइटच्या ड्रमांचा धुमाकूळ होतो, आणि शेवट अत्यंत कोवळा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूचा कमकुवतपणा शास्त्रांमुळे आलेला नाही. तळटीपेत तीन वर्ग असते तर काय केलं असतं, हा प्रश्न अँडरसन-हाव यांनी त्या सव्हानाच्या पहाटे स्वतःला विचारला असता, तर अल्बम वेगळा झाला असता.

पंक रॉक आलं आणि त्याने या सगळ्याची वाट लावली, असं सोपं करून सांगण्याची पद्धत आहे. ते तारखांत बसत नाही. वेकमन १९७६ अखेर परत आला, आणि येसचा ‘गोइंग फॉर द वन’ ऑगस्ट १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा उन्हाळा म्हणतात तो हाच. फरक पडला तो वेगळा. नव्या अल्बमवर पाच गाणी होती, तबकडी एकच होती, आणि सगळ्यात लांब गाणं पंधरा मिनिटांचं.

१९९६ मध्ये अँडरसन, हाव, स्क्वायर, व्हाइट आणि वेकमन कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो या गावी पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी पहिली बाजू पूर्ण वाजवली. वेकमननेही, आणि मन लावून. २०१५ मध्ये स्क्वायर गेला. २०१६ च्या दौऱ्यात हावच्या नेतृत्वाखालच्या येसने ‘टोपोग्राफिक ओशन्स’ पुन्हा रंगमंचावर आणलं. वेकमन त्यात नव्हता, अँडरसनही नव्हता, ते दोघं तेव्हा आपला वेगळा बँड घेऊन फिरत होते. हावने कार्यक्रमात काय ठेवलं? पहिली बाजू, चौथी बाजू, आणि तिसऱ्या बाजूतलं शेवटचं ‘लीव्हज ऑफ ग्रीन’ एवढंच. स्मृती पूर्ण गाळल्या, पुराणांतलं एक पान ठेवलं. सगळं मिळून पन्नास मिनिटांच्या आतबाहेर, म्हणजे वेकमन सांगत आला होता तेवढंच.